दोन जीबीचा हिशोब

"दोन जीबी रॅम आहे, ह्याच्यावर आता काय चालणार?" कोल्हापुरात ओळखीचं कुणी भेटलं आणि मी कम्प्युटरमधे हात घालतो हे त्याला कळलं की हा प्रश्न येतोच, आणि विचारताना उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, की काही चालणार नाही, भंगारात द्यायचं, फक्त तुम्ही एकदा बघून सांगा म्हणजे घरच्यांचं समाधान. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला तेव्हापासून तर हे फारच वाढलंय. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि ही आठवी पिढी आली २०१७ मधे, म्हणजे त्याच्या आधी घेतलेली घरातली, दुकानातली, क्लासमधली सगळी मशीनं एका झटक्यात बाद. त्यातली बहुतेक बिघडलेली नाहीत. काल चालत होती, आज पण चालतायत. त्यांच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येते, सांगायचंय ते त्याचंच.

मला हे मनापासून खटकतं. जुनी वस्तू जपायची हौस म्हणून नाही हो, हौस वेगळी. खटकतं अशासाठी की ज्यांची मशीनं अशी बाद होतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना दुसरं मशीन लगेच घेता येत नाही, आणि मग पोराचा अभ्यास मोबाईलवर, कोटेशन मोबाईलवर, सगळंच मोबाईलवर जातं. मोबाईलवर वाचता येतं, बघता येतं, पण चार पानं लिहायची म्हटली की हात बांधल्यासारखं होतं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी शिवाजी उद्यमनगरात, कोल्हापूरच्या वर्कशॉपच्या भागात, एक चक्कर मारावी. वडिलांनी घेतलेले लेथ तिथं आजही चालतात. बेड घासला तर स्क्रेपिंग करून घेतात, बुश बदलतात, मोटर रिवाइंड करतात, गिअरचा दात गेला तर शेजारच्या गल्लीतून नवा गिअर पाडून आणतात, आणि लेथ कुठल्या सालचा हे कुणी विचारत नाही, जॉब मापात निघतो का एवढंच बघतात. आणि हाच वर्कशॉपवाला आठ-दहा वर्षांचा कम्प्युटर 'लै स्लो झालाय' म्हणून सोडून देतो. लेथचा हेडस्टॉक त्यानं स्वतः उघडून बघितलेला असतो, आतलं सगळं पाठ असतं. कम्प्युटर आतून कसा चालतो, कुठं अडतो, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. दाखवलं तर त्याच्याइतकं पटकन कुणाला कळत नाही हा माझा अनुभव आहे.

तिथल्याच एका ओळखीच्या दादांच्या ऑफिसातलं मशीन घ्या. जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, पेंटियम ड्युअल कोअर ई५२००, दोन जीबी डीडीआर२, एकशेसाठ जीबीची हार्डडिस्क. पंधराएक वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेल्या मशीनमधे कोल्हापुरात हेच किंवा ह्याच्या आसपासचं काहीतरी निघतं. काम काय, तर चलनं, कोटेशन, ईमेल, जीएसटीचं पोर्टल, आणि कंपनीकडून येणाऱ्या ड्रॉइंगच्या पीडीएफ. बस.

दादांनी पहिल्यांदा सांगितलं ते हे, "आमचं मशीन बत्तीस बिटचं आहे, त्यामुळं नवीन काय बसत नाही म्हणत्यात." हे मी इतक्यांदा ऐकलंय. बिट म्हणजे प्रोसेसर एका दमात केवढा आकडा हाताळतो त्याचं माप, बत्तीस जुनं, चौसष्ट नवं. मशीन चौसष्ट बिटचंच असतं, रॅम दोन जीबी म्हणून त्यावेळी दुकानदारानं विंडोज ७ ची बत्तीस बिटची सीडी टाकलेली असते, आणि तेव्हापासून मशीनवर तो शिक्का बसतो. इंटेलचे कोअर २ ड्युओ २००६ मधे आले ते चौसष्ट बिटचे होते, आणि त्याच घराण्यातले हे पेंटियम ड्युअल कोअर पण तसेच. पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालू करा, टर्मिनलमधे, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, 'एलएससीपीयू' टाईप करा, दुसऱ्याच ओळीत लिहून येतं, बत्तीस बिट, चौसष्ट बिट. दोन्ही दिसलं की निम्मी काळजी मिटली.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. त्या मशीनवर कुठलीच साइट उघडत नव्हती, प्रत्येक ठिकाणी सर्टिफिकेटचा एरर, आणि सगळ्यांनी धरून चाललेलं की मशीन जुनं झालंय म्हणून नेट चालत नाही. कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तर तारीख जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ चा सेल मेलेला, लाइट गेली की तारीख मागं, आणि तारीखच चुकली तर साइटचं सर्टिफिकेट 'अजून सुरूच व्हायचंय' असं ब्राउझरला वाटणार, तो उघडणार कसा. किराणा दुकानात मिळणारा सेल. तो बदलला, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली, पंख्यातला कचरा काढला. लिनक्स अजून आलेलंच नव्हतं आणि मशीन सुधारलेलं होतं.

आता रॅम. इथं मी जरा वेळ घेणार आहे कारण सगळी गोम इथंच आहे. लिनक्समधे 'फ्री' नावाची कमांड असते, मेमरीचा हिशोब दाखवते, आणि पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास घाबरतो, कारण 'फ्री' ह्या कॉलममधे आकडा फार छोटा दिसतो. दादांनी बघितलं, म्हणाले, "आरं, दोन जीबीतली नव्वदच एमबी मोकळी?" मी म्हटलं, दादा, शेवटचा कॉलम बघा, 'अव्हेलेबल'. तिथं साडेतेराशे होते. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, रिकामी रॅम पडून ठेवणं मंजूर नसतं, डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल तो रिकाम्या रॅममधे धरून ठेवतो म्हणजे पुन्हा मागितली तर डिस्ककडे जावं लागू नये, आणि कुणा प्रोग्रॅमला जागा लागली की ती कॉपी टाकून देऊन जागा करून देतो. म्हणून बघायचं ते किती वापरली हे नाही, किती देता येईल हे. हा अव्हेलेबलचा आकडा कर्नल स्वतः द्यायला लागला ते ३.१४ ह्या आवृत्तीपासून, ३० मार्च २०१४. तोवर लोक अंदाजानं बेरजा वजाबाक्या करत होते.

त्याच ३.१४ मधे आणखी एक गोष्ट कर्नलच्या मुख्य भागात आली, झेडरॅम, आणि जुन्या मशीनवर गेल्या कितीतरी वर्षांत एवढं उपकार करणारं दुसरं काही झालेलं नाही असं माझं ठाम मत आहे. मूळ काम नितीन गुप्ता यांचं, आधी त्याचं नाव कॉम्पकॅश होतं. कल्पना अशी की रॅम भरत आली की कर्नल सध्या न लागणारी पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, स्वॅपमधे टाकतो, आणि स्वॅप असतो हार्डडिस्कवर, आणि जुन्या हार्डडिस्कवर स्वॅप सुरू झाला की काय होतं ते सगळ्यांनी भोगलंय, लाल लाइट सतत पेटलेली, आतून खरखर, माउस हलवला तर दहा सेकंदांनी बाण हलणार. झेडरॅम काय करतं, तर स्वॅप रॅममधेच ठेवतं पण दाबून, कॉम्प्रेस करून. बहुतेक वेळा दोन-अडीच पानं एका पानाच्या जागेत बसतात, कधी तीन पण. दोन जीबीच्या मशीनवर मी एक जीबीचा झेडरॅम देतो, तो पूर्ण भरला तरी खरी जागा खातो साधारण चारशे एमबी, म्हणजे सहाशे एमबी पदरात पडले, दोन जीबीचे अडीचच्या पुढे गेले, एक रुपया खर्च न करता. डेबियन ह्या लिनक्सच्या प्रकारात 'झेडरॅम-टूल्स' हे पॅकेज टाकायचं, त्याच्या फाइलमधे टक्के पन्नास करायचे आणि अल्गोरिदम, म्हणजे दाबायची पद्धत, ठरवायचा. अल्गोरिदममधे झेडएसटीडी जास्त दाबतो पण प्रोसेसरला जास्त राबवतो, म्हणून असल्या जुन्या प्रोसेसरवर मी एलझेड४ ठेवतो. सोबत स्वॅपिनेस, म्हणजे कर्नलनं स्वॅपकडे किती ओढ घ्यायची तो आकडा, नेहमीच्या ६० वरून १०० वर न्यायचा, कारण आता स्वॅप हार्डडिस्कवर नाही, त्याला घाबरायचं कारण नाही. फेडोरा ह्या दुसऱ्या लिनक्सनं २०२० मधे ३३ व्या आवृत्तीपासून हे सगळ्यांनाच आपोआप चालू करून दिलं, जुन्या काय न् नव्या काय. डेबियनमधे अजून हातानं करावं लागतं, पाच मिनिटांचं काम.

ह्यानंतर लोक विचारतात तो प्रश्न, मग डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, कुठला? मी त्याला इतकं खाली ठेवलं कारण तो खालचाच प्रश्न आहे. मशीनवर काही न उघडता, नुसता डेस्कटॉप आल्यावर किती मेमरी जाते, तर ते डेस्कटॉप कुठला त्यावर, माझ्या बघण्यात ग्नोम एक जीबीच्या पुढे, एक्सएफसीई साडेपाचशेच्या आसपास, एलएक्सक्यूटी चारशेच्या वर थोडं, आणि अँटिएक्स हा हलका डिस्ट्रो आइसडब्ल्यूएमवर दोनशे-सव्वादोनशे. म्हणजे दोन जीबीवर ग्नोम टाकायचा नाही एवढं नक्की. पण एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटीमधला फरक शे-दीडशे एमबी, आणि तेवढे तर एक बातम्यांची साइट एका टॅबमधे खाऊन बसते. त्यावरून तासन्‌तास वाद घालण्यापेक्षा मी बघतो ती दोन वर्षांनी कोण सांभाळणार ही गोष्ट. अपडेट वेळेवर येणार का, अडलं तर शोधल्यावर उत्तर सापडणार का. म्हणून दोन जीबीवर सरळ डेबियन आणि एक्सएफसीई. डेबियन १९९३ पासून चालू आहे, कुणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही, आणि त्यांचं अजून एक मोठेपण असं की चौसष्ट बिटचा अगदी पहिला प्रोसेसर असला तरी ते त्याला धरून आहेत. रेड हॅट कंपनीनं २०२२ च्या आरएचईएल ९ ह्या आपल्या लिनक्सपासून प्रोसेसरची पायरी वर नेली, कोअर २ ड्युओ तिथंच बाहेर पडला, आणि २०२५ च्या १० मधे ती आणखी वर गेली. त्यांचं गिऱ्हाईक सर्व्हरवाले, त्यांना ते परवडतं. आपल्या जी३१ वाल्यांचं घर डेबियनकडे.

एक्सएफसीई टाकल्यावर पण थोडं आवरून घ्यायचं. जी३१ मधलं ग्राफिक्स रॅममधलीच जागा वापरतं आणि ताकद बेताची, म्हणून विंडो मॅनेजर ट्विक्समधे जाऊन कंपोझिटर बंद करायचा, सावल्या-बिवल्या जातात, खिडक्या झटपट हलायला लागतात. डेस्कटॉपला ब्लूटूथ नसतंच, तरी त्याचा ॲपलेट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, वर बसलेला असतो, पायथनमधे लिहिलेला, पन्नासेक एमबी घेऊन. काढून टाका. आणि जमत असेल तर एकशेवीस-एकशेअठ्ठावीस जीबीची साटा एसएसडी. जुन्या बोर्डवर तिचा पूर्ण वेग मिळत नाही हे खरं, तरी हार्डडिस्कच्या मानानं फरक एवढा पडतो की घरातली माणसं विचारतात नवीन घेतला काय. रॅमचं म्हणाल तर नव्या रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरच्या मागणीनं चढलेत पण डीडीआर२ आता नव्या मशीनला लागतच नाही, सेकंडहँडवाल्यांकडं ती पडून असते. जी३१ चार जीबीपर्यंत घेतो. दादांच्या मशीनला दोन जीबीची आणखी एक पट्टी लावली, तिथं तर आता ड्रॉइंगची पीडीएफ, मेल आणि पोर्टल तिन्ही एकदम उघडं असतं.

खरा प्रश्न ब्राउझरचा. ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न सुटलाय, गेली दहा वर्षं सुटलेलाच आहे, दोनशे एमबीत सुद्धा आजचा, ह्या महिन्याच्या अपडेटसकट लिनक्स डेस्कटॉप चालतो. पण फायरफॉक्स कोऱ्या पानावर उघडला की तीन-चारशे एमबी गेले, आणि ते त्याचा दोष म्हणून नाही, सुरक्षेसाठी तो प्रत्येक साइटला वेगळ्या प्रोसेसमधे ठेवतो, एका साइटनं दुसरीचं काही वाचू नये म्हणून, आणि त्या भिंतींना जागा लागते. ती भिंत सेटिंगमधून पाडून मेमरी वाचवा असं सांगणारे भेटतात. बँकेचं काम ज्या मशीनवर होतं तिथं मी ते करत नाही आणि कुणाला सांगत पण नाही. त्यापेक्षा यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाका. मराठी बातम्यांची एखादी साइट जाहिरातींसकट आणि जाहिरातींशिवाय उघडून 'एचटॉप' ह्या मेमरी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधे शेजारी शेजारी बघा, काही ठिकाणी आकडा निम्म्यावर येतो, कारण बातमी चार परिच्छेदांची आणि तिच्याभोवती ट्रॅकर, आपोआप चालणारे व्हिडिओ, सरकणारी पट्टी. आपली रॅम खाणारं आपण मागितलेलं नाही हे त्या आकड्यात दिसतं, आणि हे दिसलं की मला दरवेळी राग येतो. लोकांच्या मशीनला म्हातारं ठरवलं जातं आणि वजन वाढलेलं असतं पानांचं.

यूट्यूबला आणखी एक अडचण, तिथून व्हिडिओ व्हीपी९ ह्या दाबायच्या पद्धतीत येतो, तो उलगडायचं हार्डवेअर जुन्या मशीनमधे नाही, सगळा भार प्रोसेसरवर, चित्र अडकत जातं. त्याऐवजी एच२६४ ही जुनी, हलकी पद्धत मागून घेणारं छोटं एक्स्टेंशन मिळतं, ते टाका आणि ४८० वर ठेवा. नाहीतर व्हिडिओची लिंक सरळ एमपीव्ही ह्या व्हिडिओ प्लेअरला द्यायची, ब्राउझर मधे लागतच नाही. पोरांच्या अभ्यासाचे व्हिडिओ ह्या पद्धतीनं जी३१ वर न अडकता चालतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधे लिनक्स, लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं, पण फुकट) ह्यांचे धडे मराठीतून आहेत, ते मी अशाच मशीनवर लावून देतो, म्हणजे ज्याच्यावर शिकायचं त्याच्यावरच बघायचं.

आता जरा वेगळं मशीन. राजारामपुरीत एक काका आहेत, निवृत्त मराठीचे मास्तर, त्यांच्याकडे त्यांच्या मुलीनं दिलेलं दहा इंची नेटबुक, इंटेल ॲटम एन२७०, एक जीबी रॅम. ते आपल्या पेठेतल्या तालमीचा इतिहास लिहितायत, कुस्त्या, वस्ताद, मोहरमचे पंजे, गणपतीच्या मिरवणुका, जुन्या माणसांकडून ऐकलेलं सगळं. काका म्हणाले, "बाळा, मला इंटरनेट नको. मला फक्त ह्याच्यावर मराठी उठवता आलं पाहिजे." हे मशीन मात्र खरंच बत्तीस बिटचं. त्याच्यावर अँटिएक्स बसवला, बत्तीस बिटचा, डेबियन १२ वर उभा असलेला.

मराठीचं म्हटलं तर आधी आयबस आणि एम१७एन हे मराठी टाईप करायचे प्रोग्रॅम टाकायचा विचार होता, त्यात गमभन पण मिळतं, रेमिंग्टन म्हणजे टाईपरायटरची मांडणी पण मिळते, आणि चार जीबीच्या मशीनवर मी तेच टाकतो. पण आयबस म्हणजे मागं सतत चालणारा प्रोग्रॅम, आणि एक जीबीत प्रत्येक चाळीस एमबी मोजावे लागतात. लिनक्सच्या स्वतःच्या कीबोर्ड व्यवस्थेत, एक्सकेबीमधे, इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड आधीपासूनच बसलेला असतो, वेगळं काही चालवावं लागत नाही, कीबोर्डचा नुसता नकाशा बदलतो, मेमरी जवळपास शून्य. 'सेटएक्सकेबीमॅप'ची एक ओळ स्टार्टअपमधे लिहिली, इंग्रजी आणि देवनागरी, ऑल्ट-शिफ्टनं बदल. झालं. काका टाईपरायटरवर कधी बसलेले नव्हते ते बरंच झालं, जुनी सवय मोडायची नव्हती. इनस्क्रिप्टमधे स्वर, मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, मास्तरांना ही मांडणी लगेच पटली. डी वर हलंत, एन वर ल आणि शिफ्ट धरून ळ. त्यांनी लगेच विचारलं, "आणि तऱ्हा कसं लिहायचं? दऱ्या, वाऱ्या?" जे वर र, शिफ्ट-जे वर तो वेगळा ऱ, त्याला हलंत आणि पुढं ह. पडद्यावर 'तऱ्हा' नीट उमटलं, रफार न होता, आणि काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मोबाईलच्या कीबोर्डवर ते त्यांना कधी सापडलं नव्हतं म्हणे. लोहित देवनागरी फाँट टाकला, लिबरऑफिसचं मराठी भाषांतर टाकलं, फाइल, संपादन, पहा, सगळं मराठीत. लिबरऑफिस पहिल्यांदा उघडायला वेळ घेतं, पण एकदा उघडलं की चाळीस पानांच्या फाइलमधे पण टाईप करताना अडकत नाही.

बत्तीस बिटवाल्यांना मात्र एक सांगायलाच पाहिजे, त्यांच्यासाठी दारं मिटत चाललीयत. क्रोमनं लिनक्सवरचं बत्तीस बिट २०१६ मधेच सोडलं. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आला त्यात बत्तीस बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही, कर्नलच नाही. फायरफॉक्सची १४४ ही बत्तीस बिट लिनक्सवरची शेवटची नेहमीची आवृत्ती. डेबियन १२ चा एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचा, आधार जून २०२८ पर्यंत आहे, तोवर निभेल. पुढं त्याच्यावर नेट चालवू नये असंच मी सांगेन, लिहायला, वाचायला, गाणी ऐकायला ते मशीन चालेल तोवर चालेल. मला ह्याचं वाईट वाटतं पण डेबियनवाल्यांवर रुसत नाही, सांभाळणारी माणसं कमी, बत्तीस बिटवर आजचे मोठे प्रोग्रॅम कंपाईल करतानासुद्धा मेमरी पुरत नाही. इतकी वर्षं धरून ठेवलं हेच खूप.

पपीचं नाव नाही घेतलं म्हणून कुणी विचारेल. पपी लिनक्स मला फार आवडतो, अख्खाच्या अख्खा रॅममधे बसतो, हार्डडिस्क नसली तरी चालतो. पण त्यात माणूस सुरुवातीपासून रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला मालक, म्हणूनच वावरतो, त्यामुळे रोजच्या वापराला मी तो कुणाला देत नाही. त्याची खरी जागा वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमधला, पाणी ओसरल्यावर शाहूपुरीकडचे, नदीकडच्या पेठांमधले ओळखीचे लोक कॅबिनेट घेऊन यायचे, बोर्ड गेलेला पण हार्डडिस्क टेबलावर उंच होती म्हणून वाचलेली. ती डिस्क काढून जुन्या मशीनला लावायची, पेनड्राइव्हवरून पपी, आणि फोटो, दुकानाची उधारीची फाइल, पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ असं एकेक दुसऱ्या डिस्कवर. त्या दिवसांत कामाला आलेलं मशीन एक जीबी रॅमचं होतं.

आणि जिथं नाही म्हणायचं तिथं स्पष्ट नाही म्हणायचं. हिशोब टॅलीवर असेल तर लिनक्स टाकू नका, टॅली लिनक्ससाठी नाही, वाइनमधे, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायच्या सोयीत, ओढूनताणून चालवलेल्या प्रोग्रॅमवर कुणाचं पोट ठेवू नये. पत्रिका, हँडबिल करणाऱ्या छापखान्यात श्रीलिपी आणि कोरलड्रॉच्या जुन्या फाइलींचा वीस वर्षांचा साठा असतो, तिथं आहे ती विंडोज ठेवायची पण लॅनची वायर काढून, नेटसाठी वेगळं मशीन, आणि त्या वेगळ्या मशीनवर खुशाल लिनक्स. डिजिटल सिग्नेचरचा डोंगल कुठला आहे ते आधी बघायचं, काहींचे ड्रायव्हर लिनक्सवर मिळतात, काहींशी झटापट करावी लागते. प्रिंटरचंही तेच, झेरॉक्सच्या दुकानात दिसणारे ते छोटे लेझर प्रिंटर आपली अर्धी अक्कल ड्रायव्हरमधे ठेवतात, आणि तो ड्रायव्हर लिनक्ससाठी धड नसला की दुपार जाते. इन्स्टॉल करून झाल्यावर प्रिंट निघत नाही असं कळलं तर माणसाचा लिनक्सवरचा विश्वास कायमचा जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून कुणाला करून बघायचं असेल तर पेनड्राइव्हवर व्हेंटॉय हा पेनड्राइव्हवरून सिस्टिम चालू करून देणारा प्रोग्रॅम टाका, त्यात डेबियनची लाइव्ह आयएसओ, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची एक फाइल, कॉपी करा, आणि हार्डडिस्कवरचं काहीही न पुसता तिथूनच चालवा. डेबियन १२ पासून वायफायचं फर्मवेअर, म्हणजे ते हार्डवेअर चालू व्हायला लागणारी फाइल, इन्स्टॉलरमधेच येतं, पूर्वी त्यासाठी फार वणवण व्हायची. लाइव्हमधेच वायफाय जोडून बघा, आवाज येतो का बघा, प्रिंटर लावून एक पान काढा, ज्याचं मशीन आहे त्यालाच समोर बसवून त्याचं रोजचं काम करायला सांगा, लाइव्ह थोडं संथ चालेल ते पेनड्राइव्हमुळं हे त्याला आधी सांगा. सगळं जमलं तरी त्याच दिवशी हार्डडिस्क पुसायची घाई नको. आधी डेटाची कॉपी दुसऱ्या डिस्कवर, ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री, मग इन्स्टॉल. आणि नंतर महिन्यातून एकदा अपडेट कसं करायचं ते त्या माणसाच्या हातानं दोनदा करून घ्या, तुमच्या नाही.